बेक्लिन-१ जनुक, ऑटोफॅजी आणि आईच्या अहवालातील एक पिवळी चौकट

गोदाकाठ (नाशिकरोड)

नमस्कार. माझ्या आईचे वय ७२ वर्षे आहे. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह असून ती मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या घेते. गेल्या महिन्यात एका नातेवाइकांच्या आग्रहामुळे तिने लाळेचा नमुना देऊन ‘दीर्घायुष्य जनुक तपासणी’ करून घेतली. आलेल्या अहवालात बीईसीएन१ (बेक्लिन-१) या जनुकापुढे पिवळ्या रंगाची चौकट असून त्यात ‘ऑटोफॅजी क्षमता : सरासरीपेक्षा कमी’ असे छापले आहे. ऑटोफॅजी म्हणजे पेशीची स्वतःचाच टाकाऊ भाग पचवण्याची क्रिया. खाली सल्ला आहे की रोज सोळा तास उपवास करावा आणि स्पर्मिडीन व द्राक्षबियांचा अर्क असलेल्या कॅप्सूल घ्याव्यात. त्या कॅप्सूल अर्थातच तीच मंडळी विकतात.

आई दोन्ही एकादश्या आणि संकष्टी पूर्वीपासून करते, त्याबद्दल घरात कधी कोणाची तक्रार नव्हती. मात्र अहवाल आल्यापासून तिने रात्रीचे जेवणही सोडले आहे, आणि तिच्या मते विज्ञानानेच आता उपवासावर शिक्कामोर्तब केले आहे. त्यातच अहवालात या जनुकाचा ‘कर्करोग-प्रतिबंधक जनुक’ असा उल्लेख असल्यामुळे ती धास्तावली आहे, कारण तिच्या सख्ख्या बहिणीला ४८व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचारानंतर मावशी आता बऱ्या आहेत.

या जनुकाचा वार्धक्याशी खरोखर काही संबंध आहे का, अशा तपासणीतून माणसाची ऑटोफॅजी कमी की जास्त हे ठरवता येते का, आणि आईला मी काय सांगावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. ‘सगळे थोतांड आहे’ एवढेच उत्तर मला पुरणार नाही, कारण आई ते ऐकणार नाही. तिने अहवाल पानापानाने वाचला आहे आणि ती मला त्यातले प्रश्न विचारते.

सूक्ष्मदर्शक (गंगापूर रोड)

मी इथल्या एका महाविद्यालयात पेशीजीवशास्त्र शिकवतो. संबंध आहे, आणि तो बऱ्यापैकी भक्कम पुराव्यावर उभा आहे. पण ज्या गोष्टीचा पुरावा आहे ती गोष्ट तुमच्या आईंच्या अहवालात तपासलेलीच नाही.

आपल्या पेशीत रोज प्रथिने बिघडतात, ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया जुनी होतात. पेशी अशा टाकाऊ भागाभोवती दुपदरी पडद्याची पिशवी तयार करते, ती पिशवी लायसोसोम या पेशीतल्या पचनकोठीला जाऊन मिळते, तिथल्या विकरांनी (एन्झाइमांनी) आतला माल विरघळतो आणि सुटलेली अमिनो आम्ले पुन्हा वापरात येतात. ही ऑटोफॅजी, म्हणजेच स्वभक्षण. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी १९९० च्या दशकात यीस्टमध्ये या प्रक्रियेची जनुके शोधून काढली आणि त्यासाठी त्यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. बीईसीएन१ हे यीस्टमधील अशाच एका जनुकाचे मानवी भावंड आहे. ते आपल्या १७व्या गुणसूत्रावर असून त्यापासून ४५० अमिनो आम्लांचे बेक्लिन-१ नावाचे प्रथिन बनते. अमेरिकेतील बेथ लेविन यांच्या गटाने १९९८ मध्ये ते प्रथम वर्णन केले, तेही मेंदूला सूज आणणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास करताना. ते ऑटोफॅजी घडवून आणते हे त्याच गटाने पुढच्या वर्षी दाखवले.

हे प्रथिन एकटे काही करत नाही. व्हीपीएस३४ नावाच्या विकराला आणि आणखी दोन-तीन प्रथिनांना धरून ते एक जुडगे बनवते, आणि पिशवी जिथे आकार घेणार त्या पडद्यावर एक विशिष्ट मेदरेणू तयार करून घेते. तो रेणू तिथे आला की पुढची प्रथिने गोळा होतात. पेशीला उपासमार नसते तेव्हा बीसीएल-२ नावाचे दुसरे प्रथिन बेक्लिन-१ ला घट्ट धरून ठेवते, म्हणून काम मंद चालते. अन्न तुटले की बीसीएल-२ वर फॉस्फेटचे गट चढतात, पकड सुटते आणि बेक्लिन-१ मोकळे होते. ही पकड नीट लक्षात ठेवा, कारण वार्धक्याचा सगळा मुद्दा तिच्यापाशीच येऊन थांबतो.

२०१८ मध्ये लेविन यांच्याच गटाने ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदराच्या बेक्लिन-१ मधील १२१व्या जागेवरचे फेनिलॲलनिन काढून तिथे ॲलनिन बसवले. बदल एवढाच, एका अमिनो आम्लाचा. त्यामुळे बीसीएल-२ ची पकड ढिली पडली आणि जन्मापासूनच या उंदरांच्या अनेक अवयवांत ऑटोफॅजी वाढलेली राहिली. हे उंदीर, नर आणि मादी दोन्ही, साध्या उंदरांपेक्षा अधिक जगले. उतारवयात त्यांच्या हृदयात व मूत्रपिंडात होणारे बदल कमी दिसले आणि आपोआप उद्भवणाऱ्या गाठीही कमी आढळल्या. क्लोथो नावाचे प्रथिन नसलेले उंदीर अकाली म्हातारे होऊन लवकर मरतात. त्यांच्यात हाच बदल घडवला तेव्हा तो अकाली मृत्यूही टळला. मला स्वतःला या क्षेत्रातील हा सर्वांत स्वच्छ प्रयोग वाटतो. औषध नाही, उपवास नाही, आहारात फरक नाही. दोन प्रथिनांमधील एक पकड सैल केली आणि आयुष्य वाढले.

याच्या आधी, २००३ मध्ये, सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीवर उलट्या दिशेचे काम झाले होते. इन्शुलिनसारख्या संदेशमार्गात बिघाड असलेले काही कृमी असामान्य दीर्घायुषी असतात. त्यांच्यातील बेक्लिनचे जनुक गप्प केले की ते जादा आयुष्य नाहीसे होते. माणसाच्या मेंदूत वयानुसार बेक्लिन-१ कमी होते आणि अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ते आणखी कमी आढळते, अशी निरीक्षणेही आहेत, पण त्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सुटे करणे अवघड असते.

आता अहवालाकडे येतो. उंदरात जो बदल केला तो प्रयोगशाळेत घडवलेला होता. आईंच्या लाळेतून बहुधा या जनुकाच्या आसपासचे, लोकसंख्येत सर्रास आढळणारे एखाद्या अक्षराचे फरक पाहिले असणार. अशा फरकामुळे माणसाच्या पेशीतील ऑटोफॅजी इतकी घटते असे ठरवून ‘सरासरीपेक्षा कमी’ म्हणण्यास आधार नाही. माणसाच्या दीर्घायुष्याशी जनुकांचा संबंध शोधणाऱ्या मोठ्या अभ्यासांत एपीओई हे नाव पुन्हापुन्हा येते, त्याखालोखाल फॉक्सओ३ चे. बीईसीएन१ त्या यादीत नाही. शिवाय जनुक आयुष्यभर तेच राहते, ऑटोफॅजी मात्र तासातासाला, अवयवागणिक बदलते. सकाळच्या यकृतातली आणि संध्याकाळच्या स्नायूतली ऑटोफॅजी एका पिवळ्या चौकटीत कशी मावणार?

पंचवटीकर

मी फिजिशियन आहे. वरील विवेचन उत्तम आहे, पण माझी काळजी जनुकाची नाही, ग्लिमेपिराइडची आहे.

ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग रुग्णाने जेवण केलेले असो वा नसो. रात्रीचे जेवण बंद आणि गोळी चालू, अशा स्थितीत पहाटे साखर ७० च्या खाली जाऊ शकते. सत्तरीतल्या माणसात याची लक्षणे नेहमीसारखी घाम, थरथर अशी येतीलच असे नाही. कधी नुसती असंबद्ध बडबड, कधी बाथरूमकडे जाताना तोल जाणे, एवढेच दिसते आणि घरचे म्हणतात वयामुळे झाले. मूत्रपिंड थोडे जरी मंद असेल तरी या गोळीचा परिणाम लांबतो. म्हणून आईंनी आजपासून रात्री काहीतरी खायला सुरुवात करावी आणि याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना सांगावे की त्या रात्रीचे जेवण टाळत होत्या. गोळीची मात्रा इथे कोणाच्या सांगण्यावरून बदलू नये, माझ्याही नाही. केवळ मेटफॉर्मिनवर असलेल्या रुग्णाची गोष्ट निराळी असते.

दुसरे, एकादशीचे. आपल्याकडे उपवासाच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर रताळ्याचा गोड कीस असतो. माझ्या बाह्यरुग्ण विभागात एकादशीच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या साखरेच्या आकड्यांवरून कोणाचा उपवास कसा झाला हे मी सांगू शकतो. इन्शुलिन चढलेले असताना आणि पेशीपुढे अन्न मुबलक असताना ऑटोफॅजी दबलेलीच राहते. तेव्हा श्रद्धेने एकादशी करणे हा त्यांचा प्रश्न आहे, त्याचा मी मान राखतो, परंतु त्या ताटाला बेक्लिनचा दाखला जोडू नये. उलट या वयात स्नायू झिजतात आणि प्रथिने कमी पडणे हे आमच्यासाठी मोठे दुखणे असते.

तिसरा मुद्दा मावशींचा, आणि तो गंभीरपणे घ्यावा. बेक्लिनचे जनुक १७व्या गुणसूत्रावर ज्या भागात आहे तिथेच, त्याच्या अगदी शेजारी, बीआरसीए१ हे जनुक आहे. त्यात वंशपरंपरेने बिघाड आला असेल तर स्तन व बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. स्तन व बीजाशयाच्या अनेक गाठींमध्ये गुणसूत्राचा हा तुकडाच्या तुकडा गळलेला असतो, त्यामुळे १९९९ च्या सुमारास बेक्लिन हेच कर्करोग रोखणारे जनुक असावे असे वाटले. या जनुकाच्या दोनपैकी एक प्रत नसलेल्या उंदरांना गाठी होतात हेही २००३ मध्ये दिसले होते. मात्र २०१४ मध्ये मानवी गाठींची मोठी माहिती तपासली गेली, तेव्हा स्तन व बीजाशयाच्या गाठींत बेक्लिनचे जनुक गळते ते बीआरसीए१ बरोबर ओढले जाऊन, स्वतंत्रपणे नव्हे, असा निष्कर्ष निघाला. तुमच्या घरी विचारण्याजोगा प्रश्न म्हणूनच बीआरसीएचा आहे. बहिणीला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला असेल तर जनुकीय समुपदेशन घेणे योग्य ठरते, आणि मावशी हयात आहेत तर तपासणीची सुरुवात त्यांच्यापासून व्हावी. ती रीतसर डॉक्टरांमार्फत करावी. लाळेच्या अशा तपासणीत बहुतेकदा मोजकेच बदल पाहिलेले असतात, त्यामुळे त्यात ‘काही आढळले नाही’ असे आले तरी निर्धास्त होता येत नाही.

दिंडोरी_द्राक्ष

मी द्राक्ष बागायतदार. द्राक्षबियांच्या अर्काचे नाव निघाले म्हणून लिहितो. मध्यंतरी आमच्या भागात एक गृहस्थ द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉलने तारुण्य टिकते असे सांगत फिरत होते आणि वायनरीतून उरणाऱ्या चोथ्याला सोन्याचा भाव येणार म्हणत होते. भाव काही आला नाही, चोथा खतालाच गेला. अमेरिकेत वार्धक्यावरील पदार्थ उंदरांवर तीन ठिकाणी एकाच वेळी तपासण्याचा सरकारी कार्यक्रम चालतो, त्यात रेस्व्हेराट्रॉलने साध्या उंदरांचे आयुष्य वाढले नाही असे मी वाचले आहे. हे बरोबर आहे का? आणि दोन प्रश्न. रक्तातून ऑटोफॅजी मोजता येत नाही का? तसेच माझ्या पत्नीला संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. ही गोळी ऑटोफॅजी बंद पाडते असे एका चित्रफितीत ऐकले, तेव्हापासून ती गोळी घ्यायला कां-कू करते.

सूक्ष्मदर्शक (गंगापूर रोड)

रेस्व्हेराट्रॉलबद्दल तुमचे वाचन बरोबर आहे. त्याच कार्यक्रमात रापामायसिनने मात्र स्पष्ट परिणाम दाखवला होता. २००९ च्या त्या अहवालातील उंदरांना औषध सुरू केले तेव्हा ते ६०० दिवसांचे, म्हणजे चांगलेच उतारवयाचे होते, तरी आयुष्य वाढले. रापामायसिन एमटॉर या प्रथिनाला दाबते आणि एमटॉर दबला की ऑटोफॅजीला वाट मिळते. पण हे औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात, त्याने तोंडात फोड येतात, रक्तातील चरबी वाढते. कोणी ऑनलाइन मागवत असेल तर त्याला आवरा. स्पर्मिडीनबाबत, ज्येष्ठांमध्ये स्मरणशक्तीसाठी वर्षभर चाललेली एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. शंभर जण होते, काहींना गव्हाच्या अंकुरापासूनचे स्पर्मिडीन, काहींना नकली गोळी. स्मरणशक्तीत फरक आढळला नाही.

मोजमापाचा प्रश्न फार महत्त्वाचा विचारलात. प्रयोगशाळेत आम्ही एलसी३ नावाच्या प्रथिनाचे पडद्याला चिकटलेले रूप मोजतो, त्यावरून पिशव्या किती आहेत ते कळते. पण गल्लीच्या कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग दिसला तर लोकांनी आवराआवर जास्त केली की घंटागाडीच आली नाही, हे नुसत्या ढिगावरून सांगता येत नाही. पेशीतही तेच. पिशव्या वाढलेल्या दिसल्या तर त्या जास्त बनत असतील किंवा लायसोसोमपाशी निकाल लागत नसेल. म्हणून लायसोसोमचे काम मुद्दाम थांबवून, त्याआधी आणि नंतर मोजून, प्रवाह किती ते काढावे लागते. जिवंत माणसाच्या यकृतात किंवा मेंदूत हे करता येत नाही. रुग्णालयात वापरता येईल अशी ऑटोफॅजीची मान्यताप्राप्त रक्ततपासणी आज नाही. ज्यांनी लाळेवरून ती ‘सरासरीपेक्षा कमी’ ठरवली त्यांनी सरासरी कुठून काढली, हे आईंनी त्यांना पत्र लिहून जरूर विचारावे.

ते लायसोसोम थांबवायला आम्ही जे रसायन वापरतो ते क्लोरोक्विन, तुमच्या पत्नीच्या गोळीचे जवळचे नातलग. चित्रफीतवाल्याने तेवढा अर्धा भाग उचलला आहे. प्रयोगशाळेत पेशींवर आम्ही ज्या मात्रेत ते ओततो ती आणि गोळीतून शरीराला मिळणारी मात्रा यांत मोठा फरक असतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन संधिवात आणि ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) यांत अनेक दशके दिले जाते. ल्युपसच्या रुग्णांमध्ये तर ते नियमित घेणाऱ्यांचे जगण्याचे प्रमाण अधिक चांगले आढळले आहे. तेव्हा ऑटोफॅजी कमी म्हणजे आयुष्य कमी, हे समीकरण माणसाला असे सरळ लागू पडत नाही. पत्नीने गोळी बंद करू नये, डोळ्यांची ठरलेली तपासणी मात्र चुकवू नये.

आणि वाढवली म्हणजे सगळे चांगलेच, असेही नाही. ज्या उंदरांचे मी वर कौतुक केले त्यांच्याच बाबतीत, बेक्लिनमधील तोच बदल असलेल्या उंदरांवर, २०१८ मध्येच साखरेचा अभ्यास झाला. त्यांच्या ऊती इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत होत्या, हे अपेक्षित होते. परंतु स्वादुपिंडातील पेशींमध्ये वाढलेल्या ऑटोफॅजीने इन्शुलिन साठवलेले कणच गिळले, त्यामुळे इन्शुलिन कमी सुटू लागले आणि साखर पचवण्याची क्षमता घटली. मधुमेह असलेल्या ७२ वर्षांच्या बाईंना ‘ऑटोफॅजी वाढवा’ असे सरसकट सांगणाऱ्याने हा निबंध वाचलेला नाही, किंवा वाचून सोयीने बाजूला ठेवला आहे. कर्करोगातही असेच दुहेरी आहे. गाठ होण्याआधी ऑटोफॅजी पेशीला स्वच्छ ठेवते, गाठ झाल्यावर त्याच गाठीतील उपाशी पेशींना ती तगवूही शकते.

गोदाकाठ (नाशिकरोड)

सर्वांचे मनापासून आभार. पंचवटीकरांचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. काल रात्री तिने वरणभात खाल्ला, आणि शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मावशी आणि मावसबहिणीशीही बीआरसीएबद्दल बोलणे झाले. मावशी तयार आहेत. आईने मात्र एक शंका काढली आहे आणि मला उत्तर देता आले नाही. अहवालाच्या शेवटच्या पानावर असे छापले आहे की इटलीतील निरोगी शंभरीपार वृद्धांच्या रक्तात बेक्लिन-१ जास्त आढळले. ती म्हणते, मग हे खोटे आहे का?

सूक्ष्मदर्शक (गंगापूर रोड)

खोटे नाही. तो अभ्यास २०१४ चा आहे आणि आईंनी नेमके बोट ठेवले आहे. त्यात रक्तद्रवात तरंगणारे बेक्लिन-१ हे प्रथिन मोजले होते. आईंच्या लाळेतून ते मोजलेले नाही, जनुकाचे अक्षर पाहिले आहे. शिवाय बेक्लिनचे काम पेशीच्या आत, पडद्यावर चालते. ते रक्तद्रवात बाहेर येते तेव्हा पेशी जोमाने काम करतात म्हणून येते की पेशी फुटून सांडल्यामुळे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आणि जे शंभरी गाठतात त्यांच्यात ते आधीपासून जास्त होते की शंभरीत वाढले, हे समजण्यासाठी त्याच माणसांचे सत्तरीतले रक्त हवे होते, ते तिथे नव्हते.

आईंना व्यायामाबद्दलही सांगा. बीसीएल-२ ची पकड सैल होऊ न देणारा बदल केलेले उंदीर पळवले, तर त्यांच्या स्नायूंत ऑटोफॅजी वाढत नाही आणि व्यायामाने साखरेला होणारा फायदाही त्यांना मिळत नाही, असे २०१२ मध्ये लेविन यांच्याच गटाने दाखवले होते. म्हणजे साध्या उंदरात पळण्याने तीच पकड सुटते. माणसात ती किती सुटते ते मोजलेले नसले तरी जेवणानंतरचे चालणे मधुमेहाला उपयोगी आहे हे स्वतंत्रपणे सिद्ध आहे, आणि त्यासाठी पिवळ्या, हिरव्या कोणत्याच चौकटीची गरज नाही. डॉक्टरांनी गोळीची वेळ ठरवून दिली की मग चालण्याची वेळ त्यानुसार बसवा.

पंचवटीकर

चालायला जाताना खिशात ग्लुकोजची पुडी किंवा चार खडीसाखरेचे खडे असू द्या. आणि शनिवारी डॉक्टरांकडे जाताना गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर व क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) यांचे अहवाल न्या. जनुकाचा अहवालही न्या, तो पाहिल्याशिवाय आई मानणार नाहीत.